लांब मारायचंय म्हणून मोठं काडतूस? असं नसतं हो ते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रायफल शूटिंगवर अख्खं पान होतं, पान चांगलं होतं, फोटो पण मस्त, पण खाली उजव्या कोपऱ्यात जी चौकट टाकली होती ना, 'लांब पल्ल्यासाठी सगळ्यात पॉवरफुल काडतुसं', तिच्यापायी हे पत्र लिहायला बसलोय. चौकटीत (हे आकडे म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात) .३३८ लापुआ मॅग्नम एक नंबरला, मग .३०० विनचेस्टर मॅग्नम, मग .३०८, आणि सगळ्यात तळाला बिचारं .२२, दहावीच्या निकालात काठावर पास झालेल्या पोरासारखं. आता आमच्या गल्लीतल्या तीन पोरांनी त्याचा मोबाईलवर फोटो काढलाय आणि कॉलेज रोडच्या टपरीवर कुठलं काडतूस बेस्ट यावर रोज वाद चालतो. तिघांपैकी एकानेही आजपर्यंत साधी एअर रायफल हातात धरलेली नाही, ते जाऊ द्या.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे हा कोण टिकोजीराव असं वाटायला नको. देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर झालोय, चोवीस वर्षं सर्व्हिस, त्यातली बरीचशी टेक्निकल असिस्टंट म्हणून, म्हणजे तोफ भरणारा नाही, तोफेचं गणित मांडणारा. वारा किती, हवेचं टेंपरेचर किती, चार्जचं, म्हणजे तोफेच्या दारूचं, टेंपरेचर किती, नळी किती झिजलीये, सगळं धरून मग गनला आकडे द्यायचे. रायफलची गोळी आणि तोफेचा गोळा यात साईजचा फरक आहे, हवा दोघांना तीच लागते.

आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं करूनही त्या चौकटीतली चूक मी स्वतः घरात केलेली आहे, म्हणूनच जरा जास्त लागलं.

माझी पुतणी बारावीला आहे, ५० मीटर रायफल मारते. २०२४ साली १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमधे, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या मॅचमधे, ब्राँझ घेतलं, पोरगा कोल्हापूरकडचा पण शूटिंग शिकला आपल्या नाशकात, क्रीडा प्रबोधिनीत, त्यानंतर इथल्या किती घरात रायफल रायफल सुरू झालं ते तुम्हाला सांगायला नको. आमची त्यातलीच. तर मागच्या फेब्रुवारीत एक दिवस मला म्हणाली, काका, रेंजवर दुपारी वारा सुटला की माझे शॉट उजवीकडे जातात, एकाकडे हाय व्हेलॉसिटीचा डबा आहे, तो वापरून बघू का, गोळी फास्ट गेली तर वाऱ्याला टाईमच मिळणार नाही ना? मी चहा पीत होतो, पेपरात डोकं, म्हणलं हो हो बरोबर आहे, घे. चोवीस वर्षं गणित केलं त्या माणसाने असं उत्तर दिलं.

चार दिवसांनी दोन टार्गेट घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. पोरगी पद्धतशीर आहे हं, तिने पहाटे एकदम शांत हवेत दोन्ही काडतुसांचं झिरो, म्हणजे गोळी बरोबर मधे लागेल असं साईट लावणं, वेगवेगळं करून साईट फिरवायचे क्लिक वहीत लिहून ठेवले, मग दुपारी वारा सुटल्यावर आपापल्या झिरोवर दोन्हीचे दहा दहा शॉट मारले, साईटला हातच लावला नाही. डावीकडचं टार्गेट साध्या मॅच काडतुसाचं, उजवीकडचं हाय व्हेलॉसिटीचं. साध्याचे बहुतेक शॉट नऊमधे उजवीकडे, गोळा करून. हाय व्हेलॉसिटीचे आठमधे, ते पण पसरलेले, एक तर सातला टेकलेला. मी टार्गेट खिडकीशी धरून भोकं परत मोजली. म्हणलं डबे अदलाबदल झाले असतील. ती फक्त म्हणाली, काका, लेबल बघा.

मग डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचीच लाज वाटली. कसंय, वाऱ्याने गोळी किती सरकणार हे गोळीला पोचायला किती वेळ लागला यावर नसतं. ते 'उशीर' किती झाला यावर असतं. म्हणजे हवाच नसती, गोळी पहिल्या वेगानेच सरळ गेली असती तर जेवढा वेळ लागला असता, आणि खरा जेवढा लागला, या दोनातला फरक. हा उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग, झालं तुमचं सरकणं. तोफखान्यात हे आम्हाला कोळून पाजलेलं, आणि शंभर वर्षांहून जुनं गणित आहे ते, कुणी काल लावलेला शोध नाही.

आता .२२ ला लावून बघा. .२२ लाँग रायफलची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. मॅचचं काडतूस मुद्दाम हळू ठेवतात, सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हाय व्हेलॉसिटीवालं ३८० च्या पुढे. ते आवाजाच्या वेगाच्या वर सुटतं आणि तिथे हवेचा विरोध एकदम वाढतो, म्हणून ते पहिल्या पन्नास मीटरमधेच वेग भसाभस घालवतं. साध्या काडतुसाला ५० मीटरवर उशीर होतो सेकंदाचे सहा-सात हजारांश, फास्टवाल्याला नऊच्या आसपास. ताशी ८ किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे सेकंदाला २.२ मीटर, गुणून बघा, एक गोळी सरकते साधारण १४ मिलिमीटर, दुसरी २० मिलिमीटर. आणि ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग असते फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाची, आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून बरीच लहान. तिथून १४ मिलिमीटर गेलात तर नऊ, २० गेलात तर आठ. पोरीच्या कागदावर जे होतं तेच. फास्ट गोळी आधी पोचली हे खरं, पण जास्त सरकून पोचली.

यावर कुणी म्हणेल ते .२२ चं झालं, हजार यार्डाला पॉवर लागतेच की. बरं, तिकडेही जाऊ. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, म्हणजे रविवार कारंज्यावरून मारलेली गोळी कुठवर जाईल विचार करा, नको, विचारही करू नका. तिथे सगळ्यात जुनं भरवशाचं नाव .३०८ विनचेस्टर, १९५२ सालचं, सैन्याच्या ७.६२ एमएमचा सख्खा भाऊ. आणि २००७ साली आलेलं ६.५ क्रीडमूर, हे मुळात टार्गेटवाल्यांसाठीच बनवलेलं. .३०८ ची १७५ ग्रेनची मॅच गोळी सुटते सेकंदाला ७९० मीटरला, ६.५ ची १४० ग्रेनवाली ८२५ ला. म्हणजे सुरुवातीचा वेग जवळपास सारखाच, वर ६.५ ची गोळी वजनाने हलकी. तुमच्या चौकटीच्या हिशोबाने .३०८ पॉवरफुल. पण ६.५ ची गोळी लांब आणि सडपातळ असते, जाडी कमी आणि नाक टोकदार, हवा तिला कमी अडवते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरला तर हजार यार्डाला .३०८ सरकते अडीच मीटरच्या आसपास आणि ६.५ पावणेदोन मीटरच्या आसपास. आता वारा ओळखण्यात तुम्ही दहा टक्के चुकलात, आणि दहा टक्के तर चांगले चांगले चुकतात, तर एकीकडे चूक पंचवीस सेंटीमीटरची, दुसरीकडे सतरा-अठराची. शिवाय ६.५ चा खांद्याला धक्का कमी. पन्नास-साठ राऊंडची मॅच असली की हा धक्का फार महत्त्वाचा, पहिल्या दहात कळत नाही, पस्तीसाव्या शॉटपासून माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही.

मग काय सगळ्यांनी ६.५ घ्यावं का, तर तसंही नाही. ६.५ ची नळी अडीच-तीन हजार राऊंडला थकते, .३०८ ची पाच हजारापर्यंत आरामात जाते, कारण ६.५ मधे तेवढ्याच पावडरचा जाळ बारीक भोकातून जातो. नवीन नळी मागवायची, बसवून घ्यायची, कागदपत्रं करायची, हा खर्च आणि ताप आपल्याकडे कुणाला परवडतो? आणि नियमाचाही भाग आहे, जगभर एफ-क्लास नावाची लांब पल्ल्याची मॅच चालते, झोपून, पुढे टेकू लावून, तिच्यात एफटीआर गटात फक्त .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ च चालतं, तिथे ६.५ घेऊन गेलात तर ओपन गटात बसवतील. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय मॅचला तर बरेच लोक ६ एमएम बीआर नावाचं बुटकं काडतूस वापरतात, तुमच्या चौकटीत ते नावालाही नव्हतं. बघायला गेलं तर खेळण्यातलं वाटेल, पण ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या शॉटचा झुबका, असा देतं की एका भोकात दुसरं.

.३३८ लापुआ मॅग्नमबद्दल एकच सांगतो, ते स्नायपरसाठी बनलंय, दीड किलोमीटरच्या पलीकडचं काम. टार्गेटला ते वापरणं म्हणजे पंचवटीतून सिडकोला जायला ट्रक काढण्यासारखं. जाईल की, पण कशाला.

आणि एक गंमत, .३०८ मधेच १६८ ग्रेनची एक फार गाजलेली मॅच गोळी आहे, सहाशे यार्डापर्यंत सोनं, पण हजाराकडे जाता जाता तिचा वेग आवाजाच्या वेगाजवळ उतरतो आणि ती डुलायला लागते, टार्गेटवर भोकं गोल न पडता लांबट पडतात. म्हणजे काडतूस तेच, पितळी केस तीच, फक्त गोळी बदलली की सहाशेचा राजा हजारात फेल. म्हणून नुसतं काडतुसाचं नाव छापून काहीच कळत नाही हो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ड्रॉप, म्हणजे गोळी खाली किती पडणार, ते गणिताने सुटतं, गुरुत्वाकर्षण काही मूड बघून बदलत नाही. पण ते गणित तेव्हाच खरं ठरतं जेव्हा प्रत्येक राऊंड सारख्या वेगाने सुटतो. .३०८ च्या एका राऊंडचा वेग दुसऱ्याहून सेकंदाला नऊ मीटरने कमी पडला, टक्केवारीत बघाल तर एक टक्का फक्त, तरी हजार यार्डाला गोळी पंचवीसेक सेंटीमीटर खाली लागते, आणि एफ-क्लासच्या टार्गेटवर दहाची रिंगच दहा इंचाची, म्हणजे तेवढीच. तुमचा नेम, श्वास, ट्रिगर सगळं परफेक्ट, तरी शॉट रिंगच्या बाहेर, आणि तुम्ही स्वतःला शिव्या देत बसणार. म्हणून लांब मारणारा माणूस सगळ्यात आधी 'किती फास्ट' विचारत नाही, 'किती सारखं' विचारतो. तोफेचंही हेच, प्रत्येक चार्ज लॉटप्रमाणे, म्हणजे कारखान्यातून एकदम निघालेल्या खेपेप्रमाणे, वेगळा मोजायचा, लॉट बदलला की आकडे बदलायचे, आणि एका मिशनमधे दोन लॉट मिसळले तर आमचे सुभेदारसाहेब जे बोलायचे ते पेपरात छापता येणार नाही.

.२२ मधे तर लॉट म्हणजे सगळं काही. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, त्याच किमतीचं काडतूस, एका लॉटचा ग्रुप येतो नखाएवढा आणि दुसऱ्याचा बोराएवढा, आणि शेजारच्याच्या रायफलमधे बरोबर उलटं. का ते विचारू नका, नळी आणि लॉटचं जमतं नाहीतर जमत नाही, पत्रिका जुळण्यासारखं. म्हणूनच एली आणि लापुआसारख्या कंपन्यांनी स्वतःची टेस्ट रेंज ठेवलीये, तिथे तुमची रायफल घेऊन जायची, ते एकेक लॉट मारून दाखवतात, जमला तो उचलायचा. आपल्या पोरांना ते शक्य नाही, म्हणून आम्ही काय केलं, चार लॉटचे एकेक डबे मिळवले, रायफल पुढे नीट टेकवून पहाटे साडेसहाला प्रत्येकाचे पाच पाच शॉटचे चार ग्रुप मारले आणि भोकं मोजली. सगळ्यात महाग डबा तिसरा आला. पहिला आला तो मधल्या किमतीचा. दुकानदाराला विचारलं याच लॉटचे अजून किती आहेत, म्हणाला नऊ. नऊच्या नऊ घेतले, घरात वहिनींनी आठवडाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

चौकट लिहिणाऱ्याने बहुतेक बाहेरचं वाचून लिहिलंय. तिकडे लोक घरच्या घरी काडतूस भरतात, पावडर तोलून, गोळी निवडून, म्हणून तिथे कुठलंही काडतूस निवडा, चालतं. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे, हौस म्हणूनही नाही. स्वतःच्या नावावर लायसन एकवीस वर्षांच्या आत मिळत नाही, आणि शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला कलेक्टर ऑफिस, अशा चकरा असतात. सैन्याचे बोर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, प्रोहिबिटेड, साध्या लायसनवर मिळतच नाहीत. त्यामुळे नाशकातल्या माणसाने काडतूस निवडायला सुरुवात उलट्या बाजूने करायची असते: मला मारायला रेंज किती मीटरची मिळणार आहे, लायसनवर कुठला बोर बसतो, आणि त्या बोरचा एकसारखा माल मला वर्षभर मिळेल का. या तीन चाळण्यांतून जे खाली उरतं त्यात मग ६.५ की .३०८ हा वाद घाला, टपरीवर घाला, मला काही प्रॉब्लेम नाही.

आमच्या निफाडकडच्या एका मित्राकडे वडिलांच्या वेळची .३१५ आहे, आठ एमएम म्हणतात गावाकडे, बागेत रानडुक्कर येतात म्हणून. तो विचारत होता याने लांबचं टार्गेट मारता येईल का. .३१५ आपल्याकडे रुजलीच मुळी इंग्रजांना त्यांच्या सैन्याची .३०३ साध्या माणसाच्या हातात द्यायची नव्हती म्हणून. जड, बोथट नाकाची गोळी, जवळच्या कामाला उत्तम, दूर गेली की हवा तिला धरून ठेवते. त्याला म्हणलं बाबा, तुझी रायफल राहू दे कपाटात, तुझ्या बागेतलं दुसरं काहीतरी दे मला.

ते म्हणजे चमकी पट्टी. द्राक्षाला पाखरं लागू नयेत म्हणून ओळीवरून बांधतात ना ती लाल-चंदेरी फडफडणारी, तिचे वीतभर तुकडे कापून पुतणीने रेंजवर लावायला नेले, परवानगी काढून, एक दहा मीटरवर, एक पंचवीसवर, एक टार्गेटजवळ. पहिल्याच दिवशी कळलं की आपण उभे असतो तिथे वारा डावीकडून आणि टार्गेटजवळ उजवीकडून वाहतो, कारण मागे भिंत आहे आणि वारा तिला आपटून वळतो. आता ती शॉटच्या आधी पट्टी बघते, पट्टी आडवी फडफडली की थांबते, लोंबकळली की मारते. जवळच्या पट्टीला जास्त मान द्यायचा हे मी तिला सांगितलं, कारण गोळी सुरुवातीलाच ढकलली गेली की पुढचा सगळा रस्ता तिरकी जाते. हे मात्र मी बरोबर सांगितलं, त्याबद्दल तिने मला माफ केलंय असं समजतो.

आणि हो, टेंपरेचर. आपल्याकडे जानेवारीत निफाडला पारा पाच-सहावर येतो आणि एप्रिलमधे नाशकात चाळीस. काही पावडरी अशा असतात की तेवढ्या फरकाने मोठ्या रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला दहा-पंधरा मीटर बदलतो. हिवाळ्यात केलेलं झिरो उन्हाळ्यात वर मारतं मग लोक साईट खराब झाली म्हणून दुकानात पळतात. डबा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा, बस. तोफेवर आम्ही चार्जमधे थर्मामीटर घालून बसायचो, तुम्हाला एवढं करायची गरज नाही.

माहिती म्हणून एक, हवं तर छापा, आपल्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ ची आणि ती उभी करणारे ग. वा. मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, मूळ घराणं कोकणातलं. नॅशनलला जायच्या आधीची जी मॅच असते तिला अजून त्यांचंच नाव आहे, पोरं नुसतं 'मावळंकर आहे पुढच्या महिन्यात' म्हणतात, हे कोण ते कुणाला माहीत नसतं. आणि आपल्या तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं ते ५० मीटर प्रोनमधे, म्हणजे झोपून मारायच्या मॅचमधे, तुमच्या चौकटीत तळाला टाकलेल्या त्याच .२२ ने. स्वप्नीलचं ब्राँझही त्याच्यानेच.

सध्या पुतणीकडे त्या नऊ डब्यांतले चार उरलेत. ते मॅचसाठी राखून ठेवलेत, रोजच्या प्रॅक्टिसला दुसरा लॉट वापरते आणि दोन्हीचे क्लिक वहीत वेगळ्या पानांवर आहेत, एकावर लाल पेन, एकावर निळा. चौकट दुरुस्त करून परत छापणार असाल तर .२२ तेवढं तळातून वर घ्या, आणि 'पॉवरफुल' शब्द काढून टाकता आला तर बघा.

आपला,
तोफखान्यातला एक रिटायर वाचक,
देवळाली कॅम्प, नाशिक